माप बघून दिलेली गोळी

डॉक्टरनं सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि एका पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. म्हणाला, "काका, हेमरेज आहे. मेंदूतली नस फुटून आत रक्त साचलंय. आणलं तेव्हा काकूंचं बीपी दोनशेच्या वर होतं."

डाग सुपारीहून मोठा होता, लिंबाहून लहान. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

मग त्यानं विचारलं, "बीपीची गोळी रोज घेत होत्या?"

"रोज," मी म्हणालो.

हे खोटं होतं. आजारपणाचं लिहायला बसलोय, पण खरं तर त्या एका शब्दाचं लिहितोय. ज्यांच्या घरी बीपीची गोळी येते त्यांनी वाचावं. मी सातवी शिकलेला माणूस आहे, लिहिण्यात चुका असतील. त्याहून मोठी चूक करून बसलोय, तर याचं काय घेऊन बसता.

माझी बायको मंदा. तिला बीपी निघालं त्याला दोन वर्षं झाली. सकाळी उठली की डोक्याचा मागचा भाग जड व्हायचा. इथे इंदूरला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरसाहेबांनी दंडाला पट्टा बांधला, तीन वेगळ्या दिवशी बोलावून मोजलं, तिन्ही दिवशी वरचा आकडा एकशे साठच्या पुढे. वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा जोर, खालचा म्हणजे ते दम घेतं तेव्हाचा. डॉक्टरसाहेबांनी अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिली, पाच मिलिग्रामची. नसा ढिल्या करणारी गोळी आहे ती. म्हणाले, "माताजी, रोज सुबह एक. भूलना मत, और अपने मन से बंद मत करना."

मी शेजारीच उभा होतो. मी ऐकलं. बस, ऐकलं.

राजवाड्याजवळच्या दुकानातून मी बीपी मोजायचं मशीन आणलं. इथून माझी अक्कल सुरू झाली.

मी अडतीस वर्षं पोलोग्राउंडच्या कारखान्यांत लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर होतो. टर्नरचं काम एकच. माप घ्यायचं, जास्त असेल तेवढंच कापायचं, पुन्हा माप घ्यायचं. माप बरोबर आलं की हत्यार मागे. माप बरोबर आल्यावर जो पुन्हा कापतो तो पीस बिघडवतो आणि शिव्या खातो. माझ्या हातून फार कमी पीस गेले वाया. त्याचाच गर्व होता.

मी म्हटलं, आकडा बरोबर असताना गोळी द्यायची म्हणजे चांगला पीस कापण्यासारखंच. मग मी माझा चार्ट बनवला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. एकशे तीसच्या खाली तर गोळी नाही. एकशे पन्नासपर्यंत अर्धी. त्याच्या वर एक. एकशे सत्तरच्या वर दोन.

रोज सकाळी मंदा हात पुढे करून बसायची. म्हणायची, "बघा, आज पास की नापास?" कधी म्हणायची, "अहो, मी बाई आहे, लेथवरचा शाफ्ट नाही." पण हात पुढे करायची. लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत मशीनच्या गोष्टीत तिनं मला कधी अडवलं नाही.

माझा कारखान्यातला जोडीदार शर्मा एकदा घरी आला, चार्ट बघून खो खो हसला. "क्या पवार भिया, भाभीजी का भी जॉब कार्ड बना डाला!" जॉब कार्ड म्हणजे कारखान्यात प्रत्येक पीसबरोबर फिरणारा मापांचा कागद. मीही हसलो. मंदाही हसली.

आकडा कधी एका जागी राहिलाच नाही. तीन दिवस बरा, मग चढायचा. चढला की मी दोन द्यायचो, दोन-तीन दिवस दोन-दोन. मग तिच्या घोट्यांवर सूज यायची, चपलेचा पट्टा रुतायचा. ती म्हणायची, "पाय बघा माझे." मी गोळी बंद करायचो, सूज उतरायची आणि मला वाटायचं, वा, पकडलं बरोबर. आता कळतं, या गोळीनं काहींच्या पायाला सूज येते आणि जास्त दिली तर जास्त येते. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं गोळी बदलली असती. मी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी दाखवायला गेलो तर वहीतले चांगले आकडे तेवढे वाचून दाखवले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बढ़िया, ऐसे ही चलने दो." तसंच चालू दिलं.

मग मानपुरचं झालं. तिथे मंदाची बहीण राहते, तिच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही पाच दिवस गेलो. निघायच्या आधीचे तीन दिवस आकडा एकशे वीसच्या आसपास, म्हणून चार्टाप्रमाणे गोळी बंद. मानपुरला पोचल्यावर पिशवी उघडली. गोळ्यांची पट्टी होती. मशीन घरीच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंदानं विचारलं, "गोळीचं काय?"

मी म्हणालो, "माप नाही तर गोळी कशी देऊ? अंदाजानं देऊ का?"

पट्टी पिशवीत होती. मोजता येत नाही म्हणून मी दिली नाही. हे लिहिताना मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं. पाच दिवस तिथले आणि तीन आधीचे, म्हणजे आठ दिवस तिच्या पोटात एक गोळी गेली नाही. ती साखरपुड्यात नाचली, पाहुण्यांना वाढलं, बहिणीशी भांडली, पुन्हा गळ्यात गळा घातला. तब्येत एकदम फर्स्टक्लास. बीपीचं हेच आहे. दुखत नाही, खुपत नाही.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माप घ्यायच्या आधीच, ती देवापुढे दिवा लावत होती. काडी खाली पडली. दुसरी काढली, तीही पडली. मी म्हटलं, "काय चाललंय गं?" तिनं मागे बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. काहीतरी बोलली, ते शब्द नव्हते. उजवा हात लोंबत होता. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी तिला सारखं सांगत होतो, "काही नाही, काही नाही."

मुलगी वैशाली दुपारी भोपाळहून आली. डॉक्टरनं तिच्यासमोर पुन्हा विचारलं, "औषधात खंड पडला होता का?" तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही." दुसऱ्यांदा.

आयसीयूच्या बाहेर लोखंडी खुर्च्या होत्या. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे. ऑपरेशन नाही म्हणाले, रक्त फार खोल होतं. सलाइनमधून औषध देऊन बीपी हळूहळू खाली आणत होते. पडद्यावर आकडा सतत दिसायचा. मी आत गेलो की आधी आकडा बघायचो आणि मग बायकोचं तोंड. ही सवय मेली तरी जाणार नाही.

तिसऱ्या दिवशी वैशाली औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी त्याच डॉक्टरला गाठलं. तरुण माणूस, महाराष्ट्रातून इंदूरला आलेला, त्याचं मराठी आमच्यापेक्षा साफ. मी सगळं सांगितलं. चार्ट, अर्धी, दोन, मानपुर.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शेजारच्या खुर्चीवर बसला.

म्हणाला, "काका, ही गोळी आज घेतली आणि आज उतरली अशी नसते. ती रक्तात हळूहळू साठते. पूर्ण काम करायला सात-आठ दिवस लागतात. बंद केली तरी लगेच जात नाही, काही दिवसांत हळूहळू ओसरते. म्हणून डॉक्टर डोस ठरवतात तो एका दिवसाच्या आकड्यावर नाही. काही आठवडे रोज तेवढीच देऊन बघतात, मग बदलतात."

मी म्हणालो, "पण आकडा बरोबर यायचा तेव्हाच मी बंद करायचो."

"तो आकडा गोळीमुळेच बरोबर यायचा, काका."

एवढं साधं होतं. दोन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. लोखंड एकदा कापलं की कापलेलंच राहतं. माणसाच्या नसेचं तसं नसतं. तिला रोज धरून ठेवावं लागतं.

मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का हे?"

तो म्हणाला, "ते मी सांगू शकत नाही. रोज नेमानं गोळी घेणाऱ्यांनाही हेमरेज होतं. पण बीपी असं वरखाली होत राहिलं, औषध बंद राहिलं, तर धोका वाढतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?"

"सांगायला हवं होतं. पण उपचार हेच केले असते."

याचं काय करू मी? हो म्हणाला असता तर गुन्हेगार म्हणून बसलो असतो. नाही म्हणाला असता तर रडून मोकळा झालो असतो. त्यानं मला मधेच उभं केलं आणि मी अजून तिथेच उभा आहे.

सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर लावलं, मतलब श्वास मशीन देणार. एक सिस्टर होती, तिनं मंदाचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या. म्हणाली, "माँजी के बाल उलझ रहे थे." तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत हात जोडावेत असं एवढंच झालं. शाळेतल्या पोरीसारख्या दोन वेण्या. अकराव्या दिवशी दुपारी मंदा गेली.

तेराव्यानंतर मला चक्कर आली म्हणून वैशालीनं गल्लीतल्या डॉक्टरसाहेबांकडे नेलं. मलाही बीपी निघालं. तीच गोळी, तेच पाच मिलिग्राम. मला जगायची काही हौस उरलेली नाही, सीधी बात आहे. सकाळी उठतो तर चहा कोणासाठी करायचा ते कळत नाही. तरी गोळी घेतो. हेमरेजनं मरणं म्हणजे काय ते मी बघितलंय, आणि आयसीयूबाहेरच्या त्या खुर्च्यांवर वैशालीला पुन्हा बसवायचं नाही.

तुम्हाला जे सांगायचं ते असं. डॉक्टरनं जितकी लिहिली तितकी, रोज, ठरल्या वेळी घ्या. आकडा चांगला आला म्हणून सोडू नका, वाईट आला म्हणून आपल्या मनानं दुप्पट करू नका. एखादा दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. पाय सुजले, चक्कर आली, आकडा फार खाली गेला, तर कात्री काढून गोळीचे तुकडे करत बसू नका, डॉक्टरला सांगा. मशीन ठेवा घरी, पण सगळे आकडे लिहा आणि सगळे दाखवा, वाईटही. गावाला जाताना मशीन राहिलं तर राहू द्या. गोळी घ्या. आणि हॉस्पिटलमध्ये विचारलं तर खरं सांगा. शरमेनं कोणी वाचत नाही.

इतकं मी वहीत लिहिलं. माझं अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून वही वैशालीकडे भोपाळला पाठवली, साफ लिहून दे म्हणून. तिला तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. पाठवताना मला माहीत होतं, आता हिच्या मनातून मी उतरणार. उतरलोच पाहिजे.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला.

"बाबा, लिहून झालं."

"बरं."

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा, आईनं मला मानपुरहून फोन केला होता. म्हणाली, तुझे बाबा मशीन विसरलेत म्हणून गोळी देत नाहीत. मी ऑफिसात होते, घाईत. मी म्हणाले, बाबांना मशीनचं कळतं, ते करतात ते बरोबरच असेल."

ती रडायला लागली. मी जन्मात तिला असं रडताना ऐकलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. म्हणजे त्या खुर्च्यांवर मी खोटं बोललो ते तिला तेव्हाच कळलं होतं. दोघं शेजारी बसून गप्प होतो, आपापलं घेऊन.

मी म्हणालो, "वैशू, तुझी चूक नाही. तू माझ्यावर भरवसा ठेवलास."

"मग तुमचीही नाही, असं म्हणू का मी?"

माझ्या तोंडात हो आलं होतं. देवाशपथ आलं होतं.

"नको म्हणूस," मी म्हणालो. "गोळी मी देत होतो."