सहा थरांची मोटरसायकल

माझ्या धाकट्या दिराने आयुष्यात एकही वस्तू गरजेपुरती मजबूत केली नाही. त्याने भिंतीत खिळा मारला तर भिंत पडेल, खिळा निघणार नाही. माझ्या पाटाला त्याने एकदा पाय बसवून दिले, तेव्हापासून तो पाट एकट्या माणसाला हलत नाही. चाळीस वर्षं त्याने मढच्या बंदरावर बोटींची इंजिनं उघडली आणि फुटलेल्या होड्यांना फायबरचे जोड दिले. कोणी म्हणालं की एवढं कशाला, तर त्याचं ठरलेलं उत्तर, ‘मध्येच मोडलं तर उतरून चालत येणार आहेस काय?’ समुद्रासाठी ते बरोबर होतं. पण हा माणूस घरातल्या स्टुलालाही तेच लावायचा.

साठीला टेकल्यावर तो वाकोल्याहून टेम्पोत घालून एक मोटरसायकल घेऊन आला. पोरं पोटावर वाकून चालवतात ना, तसली शर्यतीची. मोटरसायकल कसली, गंजलेला सांगाडा. तो त्याने माझ्या पडवीत उभा केला, कारण त्याच्या पडवीत जाळी होती आणि माझे बोंबील, त्याच्या मते, कुठेही सुकतात.

‘ही उभी राहिली ना वहिनी, की बघ.’

‘उभी तर मी पण राहते. पुढे काय?’

पुढे माझं स्वयंपाकघर गेलं. बेअरिंग थंड केलं की आकसतं, इंजिनाची बॉडी तापवली की फुगते आणि मग एकात एक अलगद बसतं, हे त्याचं शास्त्र. म्हणून बेअरिंगं माझ्या फ्रीजरमध्ये आणि बॉडी माझ्या गॅसवर. एका रविवारी पाहुणे आले. पापलेटं समजून मी जी पिशवी थाळीत उपडी केली, तिच्यातून ठणाठण आवाज आला. मी हळद-मीठ चोळायला घेतलं होतं. हा पडवीतून धावत आला, ‘मीठ नको गो लावू, गंजेल!’ पाहुण्यांना त्या दिवशी अंड्यांवर भागवावं लागलं.

त्याच सुमारास त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, कडेचं हळूहळू विझत चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले आणि बजावलं, सहा महिन्यांनी परत तपासू, आणखी कमी झालं असेल तर गाडी चालवणं कायमचं बंद. घरी येऊन मला सांगतो, ‘समोरचं दिसतं ना, बस झालं. समुद्रात बाजूने कोण येतं?’ मी म्हटलं, ‘मालाडला बाजूने रिक्षा येतात.’ तो हसला. पण दुसऱ्या दिवसापासून चहाच्या आधीच पडवीत येऊन बसायला लागला. त्या सहा महिन्यांत गाडी रस्त्यावर आली नाही, तर ती त्याच्यासाठी कधीच येणार नव्हती.

इंजिन चार महिन्यांत धडधडायला लागलं. राहिलं बाहेरचं कवच. बाजारात ते पातळ प्लास्टिकचं मिळतं. त्याने ते बोटाने दाबून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि होडीला मारतात तसं फायबरचं कापड आणि वाळून दगड होणारं रेझिन घेऊन बसला. एक थर, दोन थर, पाच थर. वासाने माझं डोकं उठलं. त्याची मुलगी मालाडला ऑफिसात जाते, तिला गाड्यांतलं कळतं. ती म्हणाली, ‘बाबा, वाट लावलीस तू. पळायची गाडी आहे ही, हलकी पाहिजे.’

‘आणि लाट आपटली तर?’

‘रस्त्यावर लाट कुठून येणार?’

त्याने रेझिनचा डबा पुढे ओढला. मग त्याने सहावा थर मारला.

रंग झाला, हळदकुंकू झालं, नारळ फुटला. गाडी सुरू करून तो गल्लीच्या तोंडाशी गेला आणि वळायला बघतो तर हॅन्डल वळेना. कवच इतकं जाड झालं होतं की दोन्हीकडून हॅन्डलला अडत होतं. गाडी फक्त सरळ जाणार, आणि सरळ होती शेजाऱ्याची भिंत. भिंतीचा गिलावा खाली आला, कवचावर ओरखडा नाही. हा रस्त्यावर पडल्या पडल्या आधी ते कवच चाचपतो, ‘बघितलंस वहिनी? बघितलंस ना?’

तपासणीला पंधरा दिवस उरले होते. मुलगी म्हणाली, कापून टाक. तर हा म्हणतो, आपल्या होडीला कोणी आपल्या हाताने भोक पाडतं काय? दोन दिवस तसाच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मी कापायचा ग्राइंडर त्याच्या हातात दिला. ‘काप. नाहीतर मी कापते, माझ्याकडे कोयती आहे.’ त्याने दोन्ही बाजूंना खाचा पाडल्या. कापताना माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्याला स्वतःचाच हात तोडायला सांगितलाय.

बारा दिवस त्याने ती गाडी चालवली. सकाळी मढहून एरंगळ, आक्सा, मार्वे आणि परत. मलाही दोनदा मागे बसवलं. एकदाही मी थांब म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, झकास वाटलं.

तपासणीहून आला आणि सरळ गाडीपाशी गेला. चावी मुलीच्या हातात दिली आणि डोळ्यांत थेंब घालायला आत गेला.

आता रविवारी मुलगी चालवते आणि हा मागे बसतो. तिच्या हेल्मेटमागून त्याला काहीच दिसत नाही. पण मार्वेपर्यंतचा एकेक खड्डा त्याला पाठ आहे. ‘डावीकडे घे! आता उजवीकडे, मोठा आहे!’ असा ओरडत असतो. ते खड्डे केव्हाच बुजवले. मी तिला म्हटलं, ‘सांग की त्याला.’ ती म्हणाली, ‘राहू दे ना काकी.’

परवा मी एरंगळच्या वळणावर रिक्षासाठी उभी होते. ती दोघं समोरून आली. रस्ता मोकळा, सपाट, आणि ती जड मोटरसायकल मध्येच डावीकडे कलली, मग उजवीकडे कलली, मग सरळ झाली आणि गेली.