डब्यातले आंबट पाणी

अकोल्यात फौजदार असताना आंबट पाण्याच्या एका डब्याने मला जे शिकवले, ते मी अजून विसरलेलो नाही. दारूबंदी नुकतीच लागू झाली होती. मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळण्याआधी कुजवलेला मोह, कुठे मुरतो आहे याचा वास घेत आम्ही गल्लोगल्ली फिरत असू.

एका दुपारी खबऱ्याने पक्की खबर आणली. बाजारातल्या हलवायाच्या मागच्या दारातून एक पैलवान रोज झाकलेला डबा नेतो आणि डब्याला आंबूस वास येतो. जमादार आणि दोन पंच घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो. पैलवान आला. डबा उघडला, तर आत हिरवट, गढूळ पाणी.

"सडवाच हाय साहेब," जमादार नाक मुरडून म्हणाला. मलाही तसेच वाटले. पंचनामा करून, नमुना सीलबंद करून आम्ही पैलवानाला ठाण्यात आणले.

मुद्देमालासह सापडलेला माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा गडी मान खाली घालून एकच सांगत होता, "दारू म्हना साहेब, गुन्हा लिवा. पन आखाड्यात काई सांगू नका." कोठडीपेक्षा आखाड्याला भिणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हलवायाला बोलावले. तो चक्क हसतच आला. "बाप्पा! दारू कायची? दूध फाडून छेना काढतो ना मी, त्याचं पानी हाय हे. माई म्हैस पेते अन् कशी टुमटुमीत झाली पाहा. तिले पाहूनच यानं मांगतलं."

मी डब्यातला एक घोट चाखला. फाटलेल्या दुधाचे पाणी, दुसरे काही नाही. फजिती आमचीच झाली होती. पण मग लपवायचे कशाला? मी बाकी सगळ्यांना बाहेर काढले, चहा मागवला आणि एक कप पैलवानापुढे सरकवला. अर्धा कप संपल्यावर तो बोलला.

"वस्तीनं घरोघरचं दूध जमवून मले खुराक देला साहेब. ते मी बायकोले पाजून राहिलो. बाळंतपनानं पार खंगली ते. लेकराले अंगावर काई भेटत नाई. मंग मी हे पानी पेतो, भाकर खातो अन् जोर मारतो."

खुराकाचे दूध पैलवानानेच प्यायचे, हा आखाड्याचा दंडक. ते घरात वाटले, तर वस्तीशी बेइमानी. हे फुटले असते, तर दूध बंद झाले असते आणि त्या मायलेकरांचे हाल झाले असते.

तेवढ्यात अटकेची बातमी ऐकून आखाड्याचे वस्ताद तणतणत ठाण्यात आले. मी काहीतरी सारवासारव करणार होतो, पण पैलवानाने स्वतःच उभे राहून सगळे सांगून टाकले. वस्तादांनी फुलपात्र मागितले, डब्यातले पाणी ओतून प्यायले आणि तोंड वाकडे केले.

"हे पिऊन तू माया आखाड्यात घुमून राहिला?"

"हाव, वस्ताद."

"मंग उद्यापासून दूध मी सोता तिच्या हातात देतो. वस्तीले काय सांगाचं ते मी पाहतो. पन मले काहून नाई सांगतलं रे येड्या?"

तो दांडगा गडी माझ्या टेबलासमोर लहान पोरासारखा रडला. मलाही भरून आले. ठाण्यात असे भरून येण्याचे प्रसंग फार थोडे.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारले. ते म्हणाले, त्या पाण्यात अंग भरणारी प्रथिने असतात, पण पातळ. नुसत्या त्यावर पैलवान पोसत नाही, डाळ-हरभरा हवाच. वस्तादांनी भिजवलेल्या हरभऱ्याची सोय केली. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत पैलवानाची लढत बरोबरीत सुटली, तरी वस्तीने त्याला खांद्यावर घेतले. गर्दीच्या कडेला त्याची बायको बाळाला घेऊन उभी होती आणि बाळ चांगले गुटगुटीत दिसत होते. आता त्याच पाण्याची भुकटी रंगीत डब्यांतून विकतात, तेव्हा मला हसू येते.

कोणी काही लपवताना दिसला की आम्ही "काय लपवतोस?" एवढेच विचारायचो. त्या दिवसापासून मी आधी "कोणासाठी?" असे विचारू लागलो. बहुतेक वेळा उत्तरात घरातल्याच कुणाचे तरी नाव यायचे.