खवल्यांचं कुंकू

माझे वडील वारल्यावर आणखी बावीस वर्षं जगले. आणि त्यांना मारलं ते मीच, एका मडक्यानं.

(डोक्यात नाही घातलं हो! सांगते.)

गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरची. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला माझं माहेर. घरामागं ओढा, ओढ्यात खवल्या. खवली म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंगावर दोन काळे ठिपके, एक मानेशी, एक शेपटीशी. पावसाळ्यात काहींच्या कुशीवर असा लाल पट्टा उमटायचा, की वाटावं कुणी ओल्या कुंकवाचं बोट ओढलंय! काही मात्र करड्याच राहायच्या. पाण्यात पाय सोडून बसलं की येऊन तळव्यांना गुदगुल्या करायच्या. लग्न होऊन घोटावड्याला आले आणि सगळ्यात जास्त आठवण आली ती खवल्यांची. (आईला हे कधी सांगितलं नाही.)

माहेरी जायचं ते पंचमीला आणि दिवाळीला. मधले सगळे दिवस मी परड्यातल्या दगडी हौदाशी बसून रडायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा वैतागून म्हणाल्या, "आगं, रडून रडून हौद भरशील! तुजा वढा आता हितं कुटनं आणू?"

मला वाटलं, खरंच की! ओढा नाही येणार, पण खवल्या येतील. त्यांना हौदात पोरंबाळं झाली की माहेरच इथं राहायला येईल!

पंचमीला गेले आणि परतायच्या दिवशी टोपलीनं आठ खवल्या धरल्या. आता अक्कल बघा. लाल पट्ट्याच्या त्या सवाष्णी, हे मी पक्कं धरून चाललेले. कुंकू दिसतंय, मग बाईच ना! म्हणून सात लाल घेतल्या आणि नवरा म्हणून एक करडा. एक कोंबडा नाही का साऱ्या कोंबड्यांना पुरत? (नवरा काळपट असायला माझी हरकत नव्हती. घरी एक होताच.)

माशांना हवा लागावी म्हणून मडक्याच्या तोंडाला आबांच्या, म्हणजे वडलांच्या, जुन्या धोतराचं पांढरं फडकं बांधलं. आबा खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन मला पोचवायला निघाले.

एसटीत पाय ठेवायला जागा नाही. आबा मागं दाराशी चेंगरले. पण मी मडकं पोटाशी धरून चढले आणि माणसं आपोआप बाजूला झाली! एका मिशीवाल्यानं उठून खिडकीची जागा दिली. कंडक्टर हळू आवाजात म्हणाला, "बसा ताई. कुणाचं?"

"म्हायेरचं हाय."

"लई वाईट झालं बगा," तो म्हणाला आणि त्यानं टोपी काढली!

मला वाटलं, गर्दीबद्दल बोलतोय.

उतरल्यावर आबा दुकानात तंबाखू घ्यायला थांबले, मी पुढं निघाले. वाटेत राहवेना, फडकं उचलून बघितलं, तर सगळ्यांचा लाल रंग गेलेला! आठही पांढऱ्याफटक! (हिसक्यानं, भीतीनं मासा रंग टाकतो, हे तेव्हा कुठं ठाऊक?) मला हुंदकाच फुटला.

दारात पोचले ती ऊर फुटून रडतच. हातात मडकं, मडक्याला पांढरं फडकं, तोंडातनं शब्द फुटेना.

आत्याबाईंनी मडकं बघितलं, मला बघितलं, मागं कुणी नाही हे बघितलं आणि कपाळ बडवून घेतलं. "आगं बया! इवाई गेलं गं!" (अस्थी घेऊन पोरगी थेट सासरी कशाला येईल, हा विचार कुणालाच सुचला नाही!)

शेजारच्या पारूकाकू धावत आल्या आणि त्यांनी गळाच काढला. "काय देवमानूस हुतं! पंगतीला बसलं की धा लाडू खायाचं!"

ते ऐकून माझंही काळीज हललं. आबा गेले? आत्ता तर दुकानात होते! आणि मी आणखी मोठ्यानं रडायला लागले!

तेवढ्यात आबा दारात. रडारड बघून त्यांनी पोतं टाकलं, टोपी काढली आणि गहिवरून विचारलं, "कोन गेलं, विहीणबाई?"

पारूकाकू किंकाळी फोडून गोठ्यात पळाल्या.

मग मी हुंदके देत मडकं पुढं केलं. "आबा, सगळ्या सवाष्णींचं कुंकू गेलं."

आबांनी मडकं हौदात ओतलं. काळ्या दगडाच्या गार पाण्यात हळूहळू लाल पट्टे परत उमटायला लागले आणि आबा हसायला लागले ते थांबेनात. "येडे, लाल त्ये नवरं! पावसाळ्यात नटत्यात बायकांसाठी. ही करडी हाय ना, ती बायकू!"

सात नवरे, एक बायको! आणि सातीजण त्या बिचारीच्या मागं हौदभर. चौथ्या दिवशी तिनं हौदाबाहेर उडी टाकली. (कंटाळली असेल.)

आत्याबाई हळहळल्या. "म्या एकाच नवऱ्यानं म्हातारी झाले, तिचं काय झालं आसंल! मंदे, जा म्हायेराला, चार बायका घिऊन ये."

पंचमी नाही, दिवाळी नाही, आणि माहेर! माझं रडणं जागच्या जागी बंद.

गेले. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहिले. खवल्या पायाशी आल्या. आता मला ओळखता येत होतं. करड्या बायका अगदी समोरून चाललेल्या. मी निवडून निवडून चारही लालच धरले.

आत्याबाई हौदावर वाकल्या. "ह्येबी नवरंच की गं!"

"व्हय का? पानी गढूळ हुतं, आत्याबाई."

"बरं. मग परत जावं लागंल."

असं चार पावसाळे चाललं. परत आले की त्या खोदून खोदून विचारायच्या. वढ्याला पाणी किती हाय, धरण कुटवर आलंय, वरनं कुटली झाडं दिसत्यात. मला वाटायचं, म्हातारी किती भोळी!

पाचव्या वर्षी माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "आवंदा नक्की बायका आणते, आत्याबाई."

त्या तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नगं. नवरंच आण. माजं म्हायेर धरणाच्या पान्यात गेलं, तवा मी येवडीशी हुते. मला जायाला गावच न्हाई. ह्या घरातनं कुनीतरी म्हायेराला जाऊन येतंय, तेवडंच बरं वाटतं. बायका आणल्यास तर तुला धाडायला मी घरात काय सांगू?"

माझ्या डोळ्यांपुढं सूप, तांदूळ, सगळं धूसर झालं. चार वर्षं मी सासूला फसवत होते, त्यापायी हौदभर नवरे गोळा केले होते, आणि घरात भोळी म्हणून होते ती एकटी मीच!