लांबूनसाहेबांची नजर

लांबूनसाहेबांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं त्यांचं कौतुक साळसूदपणाचं वाटेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीकडे उपग्रहांच्या प्लाझ्मा इंजिनांचे इलेक्ट्रोड तपासायचं काम आलं. हवा काढलेल्या टाकीत इलेक्ट्रोड तापून पांढरा व्हायचा. तापमान मोजायला काही टेकवलं की तेच वितळायचं. "हात नको, लांबून!" साहेब ओरडायचे, म्हणून हे नाव. टाकीच्या काचेतून ते दुर्बिणीसारखं यंत्र रोखत. यंत्रातल्या बारीक तारेचा उजेड वाढवत नेत, आणि इलेक्ट्रोडच्या उजेडात ती तार दिसेनाशी झाली की आकडा वाचत. सगळी भिस्त नजरेवर.

वाचनाआधी ते अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसत.

"साहेब, झोप झाली काय?" वेल्डर पाटील विचारायचा.

"तू भात खाऊन पेंगतोस रे. मी अंधाराने डोळे धुतोय."

इलेक्ट्रोडची वाफ काचेवर बसू नये म्हणून त्यांनी आतून झडप बसवली होती. मी त्यांचा मदतनीस; ती वाचनापुरतीच उघडायची, हे माझं काम. एका चाचणीत इलेक्ट्रोडमधून निघणारा प्लाझ्माचा जांभळा झोत बघायच्या मोहात मी ती उघडीच ठेवली. काच काळवंडली. साहेबांना उजेड कमी दिसला, त्यांनी तापमान कमी वाचलं. त्यावर विसंबून करंट वाढवला आणि इलेक्ट्रोड वितळला. टाकी उघडल्यावर काच मीच घासून पुसली आणि गप्प बसलो.

"यंत्र तपासलं, बरोबर आहे. म्हणजे चुकलो मी," साहेब म्हणाले. कल्याणच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रोज संध्याकाळी, ज्याचं तापमान आधीच ठाऊक असतं अशा प्रमाणित दिव्यासमोर बसून ते नजरेला वळण लावत. डोंबिवलीला घरी पोचायला उशीर व्हायचा. मी शेजारी बसून आकडे लिहायचो. एकही चुकत नसे, तरी ते पुन्हा सुरू करत.

पुढच्या चाचणीच्या सकाळी त्यांनी मालकांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासून वाचन हा घेईल. कामाला माझ्या नजरेचा धोका नको."

मी यंत्रापासून मागे सरलो. पाटील, मालक, सगळे बघत होते.

"साहेब, तुमची नजर ठीक आहे. तेव्हा झडप मी उघडी ठेवलेली. काळी काच मीच पुसली, आणि तुम्ही स्वतःवर संशय घेत असताना रोज शेजारी बसून बघत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."