नवऱ्याच्या वजनाची वाळू

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला. कासारसाई गावाच्या अंगाला आमचं शेत होतं. विहीर आणखी आठ-दहा हात खोल करायची ठरली आणि पहार घेऊन खाली उतरणार होते माझे मालक. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच होत्या, त्याखाली सरळ कातळ. म्हणजे माणसाला दोरानेच सोडायचं आणि दोरानेच वर घ्यायचं. कशाने, एवढाच प्रश्न होता.

सासऱ्यांचं मत पक्कं होतं. मोट सोडायची, तिच्या जागी दोराला फळीचा पाळणा बांधायचा आणि बैलांनी ओढायचा.

"बैल आयते हायेत. रोज मोट वढत्यात, तू काय मोटंपरीस जड हायेस?"

"मोट पडली तर पानी सांडतंय, आबा," मालक म्हणाले.

त्यांना यारी हवी होती. शेजारच्या गावात विहीर खणणाऱ्यांची टोळी उतरली होती, तिच्याकडे होती एक. हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र. दोन बाजूंना दांडे, मध्ये दोर गुंडाळणारा रूळ, रुळाला दातेरी चाक आणि त्या दातांत पडणारी खीळ.

बापलेकांचं दोन दिवस चाललं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, आधी वजन टांगून बघा, मग माणूस टांगा.

मालकांच्या वजनाची वाळू मोजायला दगडावर फळी आडवी टाकली. एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला मी ओल्या वाळूची पोती ठेवत गेले. शेजारीण बांधावरून ओरडली, "नवऱ्याची तुला करतीस व्हय गं? मग पेढ्यानं तरी तोल की!"

"तुज्या घरचं पेढं आन, तोलते," मी म्हटलं.

पाळण्यात वाळू घातली. सासरे बैलांच्या तोंडाशी कासरा धरून उभे राहिले. पाच वेळा वाळू खाली गेली, पाच वेळा वर आली. सासऱ्यांनी मालकांकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

मी विचारलं, "मामंजी, रोज तुमी असंच धरून उभं ऱ्हानार का?"

"रोज कशाला? बैल शिकल्यालं हायेत."

"मग आत्ताच सोडा. रोज बसता तसं विडी वढत बसा."

ते रागाने बसले. पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं असं नाही. पण त्या दिवशी सगळेच जपून वागत होते, आणि रोजचं काम तसं होत नाही, एवढं मला माहीत होतं.

बैल उतारावरून खाली गेले, पाळणा काठाशी आला. मोट असती तर तिथे पाणी ओतलं गेलं असतं, दोर हलका झाला असता आणि बैल मागे सरत वर आले असते. कित्येक वर्षं ते हेच करत होते. तेव्हाही उताराच्या टोकाला पोचताच ते मागे सरायला लागले. पण वाळू कुठे ओतली गेली नव्हती. वजनाने बैलांना ओढलं, ते धडपडत मागे आले, आणि खालून पोतं फुटल्याचा आवाज आला.

सासऱ्यांनी चाबूक उचलला.

"बैलाला मारू नगा. त्यांनी रोजचंच केलं," मी म्हटलं.

त्यांनी चाबूक खाली ठेवला. विहिरीत वाकून बघितलं. मग मालकांना म्हणाले, "यारी आन."

टोळीला दगड वाहायला बैल हवे होते. आम्ही बैल दिले, यारी घेतली. तिलाही वाळू टांगली. वर घेताना दांडे सोडून दिले तरी खिळीने भार धरला. पण खाली सोडायचं तर खीळ उचलावी लागते, आणि मग सगळा भार हातांवर. टोळीचा मुकादम यारी बसवायला आला होता. म्हणाला, "आमी हातानंच सोडतो, बाई. लई वर्सं."

"कुनी पडलं न्हाई?"

तो खिळीकडे बघत म्हणाला, "येक."

मग सुताराकडून बाभळीची फळी करून घेतली. पायाने दाबली की ती रुळाला घासायची आणि रूळ थांबायचा. वाळू दुप्पट केली आणि खाली सोडताना पाच ठिकाणी थांबवली. थांबली. फळीवरचा पाय माझा होता, कारण दांड्यांना दोन गडी लागत होते आणि सासऱ्यांचा गुडघा धड नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पाळण्यात बसले. "वाळूपरीस हलका हाय मी, जोर लावू नगंस," म्हणाले. गड्यांनी खीळ उचलली. मी पाय जरा सैल केला आणि ते काठाखाली गेले.

अर्ध्यावर खालून हाक आली, "थांबीव!"

मी फळी दाबली. रूळ जागच्या जागी थांबला.

"काय झालं?" सासरे ओरडले.

"काय न्हाई," खालून आवाज आला. "थांबतंय का बघितलं. सोड आता."

मी पाय थोडा उचलला.