साईडला झिरो, वर एक नंबर

मंडळी, आज केस कापायला गेलो आणि ठरवलेलं सोडून भलतंच कापून आलो.

आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेत. लासुर्ण्यातनं बारामतीला दवाखान्याच्या खेपा, त्यात नोकरी. केसांना तेल-कंगवा करायचंसुद्धा जिवावर येतं. म्हणून ठरवलं, साईडला झिरो मशीन, वर एक नंबर. मग लवकर बघायला नको.

आमचे केस कापणारा बाळू गावातलाच. त्याला तसं सांगितलं. त्यानं मशीन चालू केलं, आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि परत बंद केलं. हळूच म्हणाला, "आबा कधी गेलं? मला कसं कळलं न्हाय?"

बाप गेल्यावर असं डोकं करतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुमच्या तरी आलं असतं का?

"न्हाय रं, हायेत," मी म्हणालो.

"मग इतकं बारीक मी करायचो न्हाय."

त्यानं साईडला तीन नंबर मारला, वर नुसती कात्री फिरवली. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

घरी येऊन आबांच्या उशाशी बसलो. त्यांनी माझ्या कानावरनं हात फिरवला. म्हणाले, "अजून बारीक करायचं की. सारखं सारखं कशाला जायचं?"

"जाईन की आबा," मी म्हणालो. "दर महिन्याला जाईन."