मी पुसलेल्या ओळी

मैत्रेयी, सम्यक,

हे मराठीत लिहिते आहे. हळू वाचा, अडलं तर आईला विचारा. आत्ताच का लिहिते? परवा फोनवर सम्यक आनंदानं म्हणाला, "आजी, नोकरी लागली! लोक वेबसाईटवर येऊन काय काय करतात ते मोजायचं काम आहे. नुसतं मोजायचं गं, कुणाला त्रास नाही." मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि आजोबांना सांगितलं. त्रास कुणाला होतो ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात आजोबांची लाज होती. आता तेच म्हणाले, "लिही. नातवाला कळू दे."

तर ऐका.

इथे नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल. ज्येष्ठांसाठी घरं बांधणाऱ्या कंपनीचा कार्यक्रम. घर, जेवण, नर्स, सगळं एकाच आवारात. आजोबांचं विसरणं वाढत चाललं होतं, माझे गुडघे बोलायला लागले होते. म्हणून आम्ही गेलो. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही पुढच्या बाजूला बसलो, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

कंपनीचा तरुण संचालक माइक घेऊन उभा राहिला. "आम्ही ज्येष्ठांना किती जवळून ओळखतो ते आज दाखवतो," म्हणाला. मोठ्या पडद्यावर त्यांची वेबसाईट आली. त्यात चौकशीची रिकामी चौकट. आणि त्या चौकटीत अक्षरं उमटायला लागली, जणू कुणी आत्ताच टाइप करतंय. इंग्रजीत होतं. मराठीत सांगते.

"आम्ही बौद्ध आहोत. जेवणघरात आमच्या शेजारी बसायला कुणाची हरकत असेल का?"

अक्षरं थांबली. मग एकेक करून पुसली गेली.

हॉलमध्ये हशा पिकला.

पुन्हा अक्षरं. "माझ्या नवऱ्याला विस्मरण होतं. कधी कधी कपडे ओले होतात. त्यांच्यावर कुणी ओरडणार नाही ना?"

तेही पुसलं. मग शेवटी एक साधं वाक्य: "कृपया दोन खोल्यांच्या घराची माहिती पाठवावी." ते गेलं.

"बघा," संचालक म्हणाला, "आजींनी पाठवलं फक्त शेवटचं वाक्य. पण आम्हाला त्यांच्या मनातलं सगळं कळलं!"

टाळ्या.

ती आजी मी होते.

माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, म्हणजे हे लोक तिथेही येणार?" दुसरी म्हणाली, "हळू बोल. कुठे बसले असतील सांगता येतं का?"

मी वळून पाहिलं नाही. आजोबांकडे पाहिलं. ते अजून पडद्याकडेच बघत होते. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, इंग्रजी त्यांना चांगलं वाचता येतं. त्यांची बायको परक्या माणसांना काय लिहिते, ते त्यांना भर सभेत पडद्यावर वाचायला मिळालं. त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. मांडीवर गेला, पॅन्टवर. चाचपून बघत होते, आत्ता ओली आहे का.

ते मी कधीही विसरणार नाही. बाकी सगळं विसरेन.

तुम्ही विचाराल, आजी, पाठवायचं नव्हतं तर टाइप कशाला केलंस? ही माझी सवय आहे, आणि ती कुठून आली तेही सांगते. निफाडजवळच्या आमच्या वस्तीतून इंग्रजी घेऊन बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये माझा कागद हातोहात फिरायचा. चूक शोधायला. चूक सापडली की, "चालायचंच." चूक नाही सापडली की एक बाई गोड हसून विचारायच्या, "तुमचं इंग्रजी कोण तपासून देतं हो?" तेव्हापासून मी आधी कच्चं लिहिते. त्यात खरं असतं ते सगळं येऊ देते. राग, भीती, जात, घरातलं. मग ते फाडते आणि दुसऱ्या कागदावर पक्कं लिहिते, कुणालाही बोट ठेवता येणार नाही असं. एवढी वर्षं माझं कच्चं कुणी वाचलं नाही. आजोबांनीसुद्धा नाही. तुम्ही टॅब्लेट पाठवलात, मी त्यावरही तसंच करायला लागले. चौकटीत कच्चं लिहायचं, पुसायचं, पक्कं लिहायचं. मला काय ठाऊक की काचेच्या मागे कुणी बसून माझी पुसलेली अक्षरंही उचलतंय.

त्या हॉलमध्ये माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. पडद्यावर फक्त "नाशिक" लिहिलेलं होतं. मी गप्प बसले असते तर चहा पिऊन, फाइल घेऊन घरी आले असते. गप्प बसायचा सराव मला भरपूर होता. पण आजोबांचा हात मांडीवर होता.

मी उभी राहिले.

"ती आजी मी आहे," मी म्हणाले.

संचालक क्षणभर गडबडला, मग हसला. "अरे वा! मॅडम, या ना पुढे. टाळ्या होऊ द्या यांच्यासाठी."

"टाळ्या नकोत. मी जे पाठवलं नाही ते तुमच्याकडे कसं आलं?"

"मॅडम, ते अ‍ॅनालिटिक्स असतं. वेबसाईट कशी वापरली जाते त्याचं रेकॉर्डिंग. सगळ्याच कंपन्या करतात. आणि तुम्ही संमती दिली आहे. खाली पट्टी येते ना, 'मान्य आहे' म्हणून? तुम्ही ती दाबली."

"त्यावर 'मान्य नाही' कुठे होतं?"

"ज्येष्ठांचा गोंधळ नको, म्हणून आम्ही एकच बटण ठेवलं."

तुम्हाला सांगते, पोरांनो, हे वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. तुमचा गोंधळ नको, म्हणून तुमची रांग वेगळी. तुमचा गोंधळ नको, म्हणून पाणी आम्हीच वरून ओततो. दर वेळी आमच्या सोयीसाठी. दर वेळी आमच्या हातातून "नाही" काढून घेतलेलं.

"एकच बटण असेल तर त्याला विचारणं म्हणत नाहीत," मी म्हणाले. "मी मुलांना हे पाचवीत शिकवायचे. प्रश्नाला दोन उत्तरं शक्य नसतील तर तो प्रश्न नसतो, हुकूम असतो."

"पण मॅडम, यात तुमचं नाव कुठेच नाही. कुणाला कळलं असतं सांगा?"

"माझ्या नवऱ्याला कळलं. ते इथे बसलेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना काकू, कशाला वाढवता? कार्यक्रम चांगला चाललाय."

मी काही बोलायच्या आत आजोबा उठले. खुर्चीची पाठ धरून, हळूहळू. मला वाटलं, बाहेर जाऊ या म्हणतील. त्यांनी संचालकाकडे बघितलं.

"साहेब, पॅन्ट माझी ओली होते. तुम्ही ती इथे चारचौघांत कशाला वाळत घातली?"

कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे "बरोबर आहे" म्हणाले. आजोबा माझ्याकडे वळले. "चल गं. यांच्याकडे जेवायचं नाही आपल्याला."

आम्ही रिक्षानं निघालो. इंदिरानगर आल्यावर आजोबा म्हणाले, "हे मला आधी सांगायला हवं होतंस." मी म्हणाले, "तुम्हाला लाज वाटेल म्हणून." ते म्हणाले, "तुझ्यासमोर कसली लाज?" मला तेव्हा रडू आलं. हॉलमध्ये नव्हतं आलं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कच्चं केलं नाही. मनात जे आलं तेच लिहिलं आणि तेच पाठवलं. माझं रेकॉर्डिंग नष्ट करा, आणि नष्ट केल्याचं सही करून कळवा. ज्यांना ज्यांना ते दाखवलंत त्यांना सांगा की ते चोरलेलं होतं. वेबसाईटवर "नाही" म्हणायचं बटण ठेवा, "हो"च्या शेजारी, तेवढंच मोठं. आणि माणूस "हो" म्हणेपर्यंत काहीही टिपू नका. उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मी द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर अदबीनं बोलला, पाणी दिलं. मग म्हणाला, "मॅडम, आमच्या डोक्यात एक वेगळी कल्पना आहे. तुम्हीच आमच्या जाहिरातीत या. तुमच्यासारख्या समाजातल्या, इतक्या शिकलेल्या बाई. लोकांना कळेल की आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे. शिवाय गार्डनसमोरचं घर देऊ."

आधी माझं न विचारता घेतलं. आता विचारून माझा चेहरा मागत होता.

"नाही," मी म्हणाले.

"विचार तरी करा."

"केला. नाही." आणि उठता उठता म्हणाले, "बघा, किती सोपा शब्द आहे. तुमच्या वेबसाईटवर मावेल."

आता या देशात यासाठी कायदा झाला आहे. संमती स्पष्ट हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी, आणि दिलेली परत घेता आली पाहिजे. अंमल हळूहळू येतोय, सगळे म्हणतात थांबा. आम्हाला थांबा म्हणणारे मी लहानपणापासून बघतेय. मी थांबले नाही. दर महिन्याला एक पत्र जातं. त्यांनी पट्टीवर दुसरं बटण ठेवलं आहे, पण राखाडी रंगाचं, इतकं फिकट की माझ्या वयाच्या माणसाला दिसूच नये. मी तेही लिहून कळवलं आहे. आमच्या कॉलनीतल्या बायका दुपारी माझ्याकडे मोबाईल घेऊन येतात. कुठलंही पान उघडलं की नकाराचं बटण कुठे लपवलंय ते आम्ही मिळून शोधतो. सापडलं की एकमेकींना दाखवतो. "हे बघा हो, कुठे कोपऱ्यात घातलंय मेल्यांनी!" परवा एकीनं बँकेच्या माणसाला तोंडावर विचारलं, "हे कशासाठी हवंय? आणि मी नाही म्हटलं तर?" उत्तर मिळेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

सम्यक, तुझी नोकरी सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या आईनं आणि आम्ही जे शिकवलं ते तू पोट भरायला वापरावंस, हे बरोबरच आहे. पण तुझ्या पडद्यावर कुणाची तरी पुसलेली ओळ येईल. ती वाचू नकोस. वरिष्ठांना विचार, ही आपल्याकडे का आहे? ते म्हणतील, सगळेच करतात. तू पुन्हा विचार. मैत्रेयी, तू नोकरीला लागशील तेव्हा तूही. मी लाजले नाही म्हणून तुम्हाला हे सांगता आलं. तुम्हीही लाजू नका.

आम्ही त्या घरांत राहायला गेलो नाही. आजोबा कालचं विसरतात, पण तो हॉल त्यांच्या लक्षात आहे. कंपनीनं रेकॉर्डिंग पुसल्याचं अजून लिहून दिलेलं नाही. म्हणजे माझ्या त्या दोन ओळी कुठल्यातरी मशीनमध्ये अजून आहेत. या महिन्याचं पत्र मी आज सकाळी टाकलं. पुढच्या महिन्याचंही टाकणार आहे.